तिला माझा हात दिसत नव्हता

शाळेच्या शेरापुस्तकात माझ्या अक्षरातली एक ओळ आहे. ‘स्नेहसंमेलनात बँडवादनाच्या वेळी मुद्दाम गैरवर्तन केले.’ खाली माझी सही. ती ओळ खोटी आहे आणि लिहिताना ती खोटी आहे हे मला माहीत होतं. ते पुस्तक आता असेल की रद्दीत गेलं असेल, ठाऊक नाही. मी मात्र अजून आहे, म्हणून लिहितो.

दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. भिवंडीत, निजामपुऱ्याजवळच्या एका शाळेत मी पीटी शिकवायचो आणि शाळेचा बँड बसवायचो. चारी बाजूंना यंत्रमागांचे, लूमचे कारखाने; त्यांच्या खडखडाटात अर्धा सराव शिट्टीवरच चाले. ज्या मुलीबद्दल ती ओळ आहे ती दहावीत होती, मोठा ड्रम वाजवायची. अंगानं किरकोळ. ड्रम छातीवर बांधला की समोरून नुसती टोपी आणि बूट दिसायचे. पण ठेका असा, की सगळा बँड तिच्यावर चालायचा. वडील कारखान्यात जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारे. घर कारखान्याच्या भिंतीला लागूनच.

रीत अशी की मोठा ड्रम मागच्या रांगेत उभा करायचा. ती मात्र आठवीपासून पुढे, उजव्या टोकाला उभी राहायची. “मला तिथंच बरं वाटतं, सर.” मी चालवून घेतलं.

संमेलनाला महिना असताना एका दुपारी सरावात वीज गेली. तेव्हा भारनियमन रोजचंच. सगळे लूम एकदम थांबले. वीज गेली की आमच्या गावात एक गंमत व्हायची. खडखडाट थांबलेला असायचा, तरी माणसं बराच वेळ ओरडूनच बोलत राहायची. मी मुलांच्या मागे उभा होतो. म्हटलं, “बस, थांबा.” सगळे थांबले. ती वाजवत राहिली. मी जरा मोठ्यानं म्हटलं. मग नाव घेऊन हाक मारली. शेजारच्या मुलीनं कोपर मारलं तेव्हा कुठे तिनं वळून पाहिलं.

बाकीच्यांना पाठवून मी तिला थांबवून घेतलं. ती माझ्या ओठांकडे बघत होती. ती नेहमीच तिथं बघायची, हे मला त्या दिवशी कळलं.

“कधीपासून ऐकू येत नाही?”

“येतं सर. थोडं. ड्रम छातीत कळतो. थांबायचं तुमच्या हातावरून कळतं.”

“घरी माहीत आहे?”

“घरी सगळेच ओरडून बोलतात,” म्हणून ती हसली. मग गंभीर झाली. “संमेलन होईपर्यंत सांगू नका ना, सर. काढतील मला. पप्पांनी एकदाही ऐकलं नाहीये. या वेळी ते शिफ्ट बदलून घेणारेत. दहावीनंतर कुठला बँड?”

मी कबूल केलं.

संमेलनाच्या दिवशी सकाळी संस्थेचे चिटणीस स्टेज बघायला आले. बिगूल वाजवणाऱ्या मुलींत त्यांची नात होती. “या मुली पुढे घ्या, बिगूल चमकतात. हे पिंप टाका मागे.” साहेब, ती तिथंच राहील, एवढंच मी म्हणायला हवं होतं. त्यांच्यासमोर माझ्या तोंडून कधीच काही निघत नसे. तेव्हाही निघालं नाही.

ती जवळ येऊन हळूच म्हणाली, “सर, मागून तुमचा हात दिसत नाही.”

चिटणीस बघत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “हात कशाला बघायचाय? बँड कानांनी वाजवतात.”

मुली हसल्या. ती मागे जाऊन उभी राहिली. मनाशी म्हणाली असेल, मोजून वाजवीन. तिनं तसंच केलं.

कार्यक्रम दुपारी झाला. शेवटची चाल चार वेळा वाजवायची ठरलेली. तिसऱ्या वेळी चिटणिसांनी घड्याळाकडे बोट दाखवलं; पाहुण्यांना निघायचं होतं. मी हात खाली आणला. सगळा बँड थांबला, आणि मोठा ड्रम वाजत राहिला. एकटा. ठेका जराही न चुकता.

मंडपातून कोणीतरी ओरडलं, “अरे, लूम बंद करा रे कोणीतरी!” सगळा मंडप खदखदला. त्या हसणाऱ्यांच्या मधोमध एक माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता. तिचे वडील. त्यांना वाटलं, हे लेकीचं एकटीचं वादन आहे.

मी जागचा हललो नाही. तिनं चौथी फेरी पूर्ण केली आणि जिथं थांबायला हवं तिथं बरोबर थांबली. मग पुढच्या मुली मागे वळून हसताना तिला दिसल्या.

पडद्यामागे चिटणिसांनी विचारलं, “काय तमाशा होता हा?”

“मस्ती, साहेब. मुद्दाम केलं. शेवटचं वर्ष ना, डोक्यात जातं पोरांच्या.”

ती चार हातांच्या अंतरावर ड्रमचे पट्टे सोडत होती. माझ्या ओठांकडे बघत होती. मी बोलून संपेपर्यंत बघितलं तिनं, मग ड्रम खाली ठेवला. संध्याकाळी मी शेरा लिहिला.

दुसऱ्या दिवशी वडील फाटकापाशी आले. “सर, काय वाजवलं पोरीनं! सगळी थांबली, आमची थांबली न्हाय! पण घरी आल्यापासून रडते. बोलत न्हाय. काय झालं?”

“शाळा सुटणार आता. म्हणून असेल,” मी म्हटलं.

तिच्या कानांबद्दल तेव्हा सांगायला हवं होतं. वचन संमेलनापर्यंतचंच होतं. पण कान सांगितले असते तर शेराही उघडा पडला असता.

निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी ती एस.टी. स्टँडवर भेटली. कडेवर मूल, वज्रेश्वरीच्या गाडीची वाट बघत होती. दोन्ही कानांत मशीन. तिनं वाकून नमस्कार केला. “लग्नानंतर लावली, सर. डॉक्टर म्हणाले, शाळेत असताना आणलं असतं तर बरंच वाचलं असतं.”

मग मी बोललो. सगळं बोललो. चिटणिसांचं, चौथ्या फेरीचं, शेऱ्याचं. पण तिच्याकडे बघवेना, मान खाली घालून बोललो. बाजूला गाडी मागे घेत होते, कंडक्टर शिट्ट्या मारत होता.

ती वाकून माझा चेहरा शोधत म्हणाली, “सर, वर बघून सांगा ना. मला काहीच कळलं नाही.”

मी वर पाहिलं.

“काही नाही गं,” म्हटलं. “बाळ गोड आहे तुझं.”