जंतांचा कोर्स

अमेरिकेत मेडिकलच्या आधी चार वर्षं कॉलेज करावं लागतं. त्यातल्या तिसऱ्या वर्षी माझ्या वेळापत्रकात एकच जागा मोकळी होती. मेडिकलला जायचं म्हणून केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री हे सगळं सक्तीचं. उरलेल्या जागेत सायन्सचा एक विषय आपल्या मनाने निवडायचा. मला दोन विषय दिसत होते आणि दोन्हींचे तास एकाच वेळी होते. एक इम्युनॉलॉजी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास. दुसरा पॅरासायटॉलॉजी, म्हणजे माणसाच्या अंगात राहणाऱ्या जंतांचा.

मला जंतांचाच हवा होता. आठ वर्षांची असताना आम्ही चंद्रपूरला गेलो होतो, तेव्हा आजोबांचा उजवा पाय गुडघ्याखाली खांबासारखा सुजलेला पाहिला होता. मी बघतच राहिले, तर आईने दंडाला चिमटा काढला. काय झालंय हे कुणी सांगितलं नाही. तो हत्तीपाय होता, डास चावून केसाएवढा बारीक जंत अंगात जातो, हे मी पुढे हायस्कूलमध्ये स्वतः वाचून काढलं. तोवर आजोबा गेले होते.

विषय निवडताना सल्ला द्यायला कॉलेजात आमच्या एक सल्लागार बाई होत्या. त्यांनी माझ्या ग्रेड्सवरून नजर फिरवली आणि विचारलं, "यातल्या कशात ए मिळेल?"

"माहीत नाही. पण मला पॅरासायटॉलॉजीत इंटरेस्ट आहे."

"इंटरेस्ट मार्कशीटवर दिसत नाही," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

त्या वीकेंडला मी पार्सिपनीला घरी गेले. बाबा आयटीत, आई लॅबमध्ये. घरात डॉक्टर कुणीच नाही. म्हणून बाबांनी एडिसन गावात राहणाऱ्या एका ओळखीच्या काकांना मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. काका रिटायर्ड सर्जन. आमच्या ओळखीतल्या सगळ्या मुलांना तेच सल्ला देत.

"अगं, अमेरिकेत कुणाला जंत होतात?" काका हसले. "इम्युनॉलॉजी घे. एन्ट्रन्सला त्यातलं विचारतात. बी आला तर मात्र संपलं, हं. अॅडमिशन कमिटी पहिलं तेच बघते."

"पण काका, आमच्या आजोबांना..."

"ते तिकडचं झालं," बाबा मध्येच म्हणाले. "तू इथे डॉक्टर होणार आहेस ना?"

 मी नको म्हणत असतानाही आई माझ्या ताटात भात वाढत राहिली.

रजिस्ट्रेशन सकाळी सातला उघडलं. मी लॅपटॉपसमोर बसले होते, जंतांच्या कोर्समध्ये जागा होत्या, कुणी अडवायला नव्हतं. तरी मी इम्युनॉलॉजीवर क्लिक केलं.

वर्ग दोनशे जणांचा. प्रोफेसर स्लाइड्स वाचून दाखवायचे, परीक्षेत मात्र असं काही विचारायचे की ते कुठे शिकवलं होतं तेच आठवू नये. त्याच इमारतीत, त्याच वेळी पॅरासायटॉलॉजीची लॅब भरायची. येता-जाता दाराच्या काचेतून मायक्रोस्कोपवर वाकलेली दहा-पंधरा मुलं दिसायची. शेवटी एक दिवस मी त्यांच्या प्रोफेसरबाईंना गाठलं आणि विचारलं, हत्तीपायाच्या जंताची स्लाइड एकदा बघता येईल का?

"लॅबमध्ये नाव असलेल्यांनाच येता येतं, नियम आहे," त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी घे ना कोर्स."

मी खूश होऊन परतले. पुढच्या वर्षीची यादी लागली तेव्हा तो कोर्सच त्यात नव्हता. मी ईमेल केला. उत्तर आलं, बाई रिटायर होताहेत, शिकवायला दुसरं कुणी नाही.

आणि इम्युनॉलॉजीत मला बी मिळाला.

घरी फोन केला तर नेमके काका चहाला आलेले. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला.

"अगं, एका बीने काही होत नाही," काका म्हणाले. "कमिटी एवढं बारीक बघत नाही."

"काका, मग तेव्हा तुम्ही उलटं का सांगितलंत?"

 पलीकडून बाबांचा आवाज आला, "मोठ्यांशी असं बोलतात का?"

"मी फक्त विचारतेय, बाबा."

"आम्ही तुझ्या चांगल्यासाठीच सांगतो," काका म्हणाले. मी फोन ठेवून दिला. मोठ्या माणसाचं बोलणं मध्येच तोडायची माझी ती पहिली वेळ. रडू येत होतं ते कुणाच्या रागाने, तेही धड कळत नव्हतं. क्लिक तर मीच केलं होतं.

पुढे मेडिकलला अॅडमिशन मिळाली. इंटरव्ह्यूत मी निवडलेल्या त्या विषयाबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. बातमी कळली तसे काका पेढे घेऊन आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बघ, माझं ऐकलंस म्हणून झालं ना!" बाबांनी मान डोलावली. मी एक पेढा उचलला, थँक्यू म्हटलं आणि वर माझ्या खोलीत निघून गेले.