पुसलं तरी जात नाही

चाकणच्या कंपनीनं सगळ्यांना नारळ दिला. तिथले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माझ्या नवऱ्याला वर त्याचाच जुना लॅपटॉप दिला, उपकार केल्यासारखा. खंडेनवमीला कंपनीत लावलेलं हळदकुंकू त्याच्या फटीत अजून होतं. मी पुसायला गेले, तर म्हणाला, "राहू दे."

महिन्याभरातच लॅपटॉप सुरू होईना. सिस्टीम नव्यानं टाकायची, तर लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर सिस्टीमचा पेनड्राइव्ह तयार करून नवऱ्यानं तो जोडला. जुनं सगळं पुसलं जाईल, असं स्क्रीनवर आलं. त्यानं न वाचताच बटण दाबलं. मी मनात म्हटलं, गेली एकदाची पीडा घरातून.

टक्के चढत गेले, लॅपटॉप तापत गेला. वायफाय जोडलं आणि स्क्रीनवर त्याच कंपनीचं नाव आलं. स्वागत आहे, कंपनीचा पासवर्ड टाका.

"अरे, सगळं पुसलंस ना?"

तो म्हणाला, चोरलेला लॅपटॉप कुणाला वापरता येऊ नये म्हणून कंपनीच्या प्रत्येक लॅपटॉपची नोंद इंटरनेटवर ठेवलेली असते. ती त्यानंच केली होती. या लॅपटॉपची नोंद काढायची, तर शेवटच्या दिवशी दुपारीच कंपनीनं त्याचा पासवर्ड बंद केला होता.

स्क्रीनच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, अडचण आल्यास या नंबरवर फोन करा.

नंबर माझ्या नवऱ्याचा होता.