टाकीला दिलेला शेवटचा हात

वाइनमेकर मॅडमनी घोट तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकला.

"साहेब, ही वाइन मेली. आंबटपणाच गेलाय. दत्तू मिस्त्रींनी आम्ल लावलं होतं ना?"

मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याबद्दलच लिहितो आहे.

मी सिव्हिल इंजिनीअर. धायरीच्या शेडमध्ये आयुष्यभर पाण्याच्या टाक्या केल्या. निवृत्तीच्या तोंडावर एका लहान वायनरीसाठी काँक्रीटची, अंड्याच्या आकाराची टाकी केली. कोपरे नसल्याने आतली वाइन आपली आपण, सावकाश फिरत राहते. ते ऐकूनच मला गुंगी आल्यासारखं झालं होतं. अडचण एकच. सिमेंटमधला चुना वाइनचं आम्ल खातो. म्हणून टार्टरिक आम्ल, चिंचेत असतं तेच, आतून तीनदा लावून वाळवायचं. दत्तूने ते माझ्यासमोर केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटाच आत उतरलो. वरून उजेडाचा गोल पडला होता. माझाच श्वास भिंतीवरून फिरून, जरा उशिरा, परत येत होता. किती वेळ बसलो कोण जाणे. भिंत मात्र आम्लाने खरबरीत, डागाळलेली. माझी टाकी आतून आरशासारखी असते, असं लोक म्हणायचे. मी सिमेंट कालवलं आणि संध्याकाळपर्यंत सगळी भिंत घोटून काढली. आम्लाचा थर ताज्या सिमेंटखाली गेला.

"मिस्त्रीने अंगचोरी केली," वायनरीचे मालक म्हणाले. ओळखीच्या वायनरींना तसं कळवलंही. दत्तूला वायनरीचं काम पुन्हा मिळालं नाही.

इतक्या वर्षांनी, परवा त्याच्या खडकीच्या घरी गेलो.

"दत्तू, शेवटचा हात माझा होता."

"माहितीये. ती वाइन ओतून दिल्यावर टाकी धुवायला मीच उतरलो होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो." त्याने चहा पुढे केला. "मालकांना सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग मला काय सांगताय, साहेब? मला तर ठाऊकच होतं."

तसाच मालकांकडे गेलो, सगळं सांगितलं. "अहो, आता सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. मी म्हटलं, "तेव्हा ज्यांना कळवलंत, त्या सगळ्यांना फोन करा. तोवर मी इथेच बसतो." ते वैतागले, पण त्यांनी फोन केले.

नव्या इंजिनीअरांना एवढंच सांगतो: आम्लाचे डाग पुसू नका. पुसलेत, तर त्याच दिवशी सांगा.