मालवाहू यानाची वाट बघणारे दादा

इथे आखातात सकाळी साडेपाचला सित्राला जाणारी कंपनीची बस गुदैबियातल्या आमच्या इमारतीखाली येते. दीड महिन्यापूर्वी त्या बसमध्येच गायकवाडदादा गेले. शेजारच्या सीटवर मी होतो. डोळा लागला असेल असं वाटलं, म्हणून कंपनीचं गेट येईपर्यंत मी त्यांना उठवलं नाही... ते अजून मनातून जात नाही.

दादा अमरावतीचे. आमच्या कंपनीत स्टोअरकीपर होते आणि नऊ वर्षं आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहिलो. अंतराळस्थानकाला सामान पोचवणाऱ्या मालवाहू यानांचं त्यांना भारी वेड. त्या यानात माणूस नसतो. अन्न, कपडे, सुटे भाग घेऊन ते आपलं आपण वर जातं. आत काय काय भरलंय ते दादा जेवताना मोबाइलवर वाचून दाखवायचे. मी अर्धवट ऐकायचो.

एकदा असंच एक यान निघालं आणि वाटेत त्याचं इंजिन वेळेआधीच बंद पडलं. ठरल्या दिवशी ते पोचणार नव्हतं. दादांनी पुढचं ताट सरकवून ठेवलं. आत कोणी नाही तर एवढी काळजी कशाला, असं मी सहज म्हणून गेलो.

"आत कोणी नाही रे," ते म्हणाले, "पण वर वाट बघणारी माणसं आहेत ना."

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. इथे नवीन असताना त्यांनी आईसाठी एका सहकाऱ्याबरोबर औषधं पाठवली होती. माणूस वाईट नव्हता, घरच्या गडबडीत विसरला. औषधं पोचली ती आई गेल्यावर, तिच्या जलदान विधीच्या दिवशी. तेव्हापासून रजेवर जाताना दादा अर्धी बॅग दुसऱ्यांच्या पार्सलांना द्यायचे आणि प्रत्येक पार्सल स्वतः त्या त्या घरी नेऊन द्यायचे... यान एक दिवस उशिरा पोचलं. स्थानकाच्या यांत्रिक हाताने ते धरलं तेव्हा इथल्या अरबांसारखं "खलास, पोचलं" एवढंच म्हणून दादा उठले आणि आमच्या दोघांसाठी भात गरम केला.

ते गेले तेव्हा त्यांच्या रजेला आठ दिवस होते. बॅग भरून तयार होती. शवपेटीबरोबर मी ती तशीच पाठवली. कागदपत्रांच्या धावपळीत आतल्या पार्सलांचं लक्षातच राहिलं नाही. नंतर आठवलं, पण त्यांच्या मुलीला, प्रज्ञाला, फोन करून हे विचारायचा धीर होईना. परवा तिचाच फोन आला.

"काका, बाबांच्या बॅगेत पाच पार्सलं निघाली. चार देऊन आले. पाचव्यावर नुसतं 'सविता, दर्यापूर' लिहिलंय. पत्ता मिळेल का?"

ते खालच्या मजल्यावरच्या वानखेडेचं, त्याच्या बहिणीसाठी होतं. मी जिना उतरून पत्ता आणला. प्रज्ञाने तो लिहून घेतला, एकदा मला वाचून दाखवला, आणि उद्या सकाळीच निघते म्हणाली.