दोऱ्याला बांधलेले दिवे

मला धीर म्हणून धरवत नाही. जित्याची खोड, मेल्याशिवाय जायची नाही. पोलीस ॲक्शनच्या आदल्या वर्षी, कार्तिकात, याच उतावळेपणाने मी आत्याचे दिवे दोऱ्याला बांधले.

आत्या लातूरकडची, विधवा, आमच्याकडे चिक्कडपल्लीला राहायला आलेली. तिचा एकुलता एक मुलगा निजामाविरुद्धच्या लढ्यात सरहद्दीपलीकडे गेलेला, महिनोन्‌महिने पत्र नाही. तो परत यावा म्हणून ती रोज दिवेलागणीला हुसेनसागरात द्रोणांतले दिवे सोडायची. वारा ते परत काठाला आणायचा, ती पुन्हा ढकलायची, आणि मी डासांना शिव्या घालत उभी. त्या दिवशी वैतागून मी सगळे द्रोण दोऱ्यात ओवले. एक टोक काठावरच्या खुंटीला, दुसरं पुढे उभ्या असलेल्या नावेला. दिवे सरळ ओळीत, जागच्या जागी! सुटले बाई एकदाची, म्हणत आत्याला घेऊन घरी निघाले.

वाटेतच डोक्यावरून घरघर गेली. पाण्यावर उतरणारं छोटं विमान होतं. आमच्या दिव्यांची ओळ म्हणजे उतरायची खूण समजून ते नेमकं तिच्या रोखाने खाली आलं, पाण्याला टेकलं आणि काठच्या खडकावर आपटून उलटलं. कोळ्यांनी आतला माणूस ओढून काढला, टांग्यात घालून दवाखान्यात नेला.

"माझ्या दिव्यांनी कुणाचा तरी लेक बुडवला गं," आत्या म्हणाली. दोऱ्याचं नाव तिने काढलं नाही, त्यानेच मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने अन्न सोडलं. "तो जगला तर माझाही येईल," एवढंच घोकत बसली. बाबा सरकारी नोकरीत. ते म्हणाले, "तोंडातून ब्र काढायचा नाही. आपण तळ्यावर गेलोच नव्हतो."

तिसऱ्या दिवशी बाबा कचेरीत गेले तशी आत्याने मला धरून दवाखाना गाठला. व्हरांड्यात एक आया फरशी पुसत होती. आत्याला तेलुगूचा गंध नव्हता, म्हणून विमानातल्या माणसाचं मी विचारलं.

"पोयाडम्मा," आया मान वर न करता म्हणाली. "पोद्दुन्ने पोयाडु."

गेला. सकाळीच गेला.

"काय म्हणते? अगं, बोल की!"

"जिवंत आहे. पाय मोडलाय नुसता."

आत्या मटकन खाली बसली आणि आयाचे ओले हात धरून रडली. आया बावचळून माझ्याकडे बघत राहिली. घरी येऊन आत्या दोन भाकरी जेवली.

पुढच्या वर्षी तिचा मुलगा परत आला. आत्या जन्मभर येईल त्याला सांगायची, "तो विमानवाला वाचला, म्हणून माझा लेक आला. हो की नाही गं?"

"हौ, आत्या," मी म्हणायचे. "वाचला ना."