समोरच्या बाकावरचे वडील

"आज काम हाय का नुसती तारीख?" चुडाव्याच्या ताई दारातूनच विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता चपला काढून खाली बसायच्या. उत्तर त्यांना ठाऊकच असायचं.

मी गंगाखेडला एका वकिलांकडे कारकून. ताई आमच्या पक्षकार. माहेर गंगाखेडजवळच्या खेड्यात, सासर चुडाव्याला. तिथे त्या अंगणवाडीत सेविका होत्या. दर तारखेला रजा टाकून, गाडी बदलत यायच्या.

माहेरच्या वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा वाटा होता. तो द्यावा लागू नये म्हणून भावानं आपल्या मेहुण्याला वडिलांवर उसनवारीचा खोटा दावा लावायला सांगितलं. वडिलांनी कोर्टात येऊन कर्ज कबूल केलं. कोर्टाचा वसुलीचा हुकूमनामा झाला, जमीन लिलावात निघाली, मेहुण्यानंच घेतली. कसत मात्र भाऊच होता. तो हुकूमनामा रद्द व्हावा म्हणून ताई झगडत होत्या.

तुम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात कधी थांबला असाल, तर ठाऊक असेल, तिथे दोन बाजू एकमेकींकडे बघतही नाहीत. ताई सरळ समोरच्या बाकावर वडिलांपाशी जायच्या. "गोळी घेतली का?" डब्यातली अर्धी भाकर त्यांच्या हातावर ठेवायच्या. भाऊ मान फिरवायचा.

आमचे वकील वैतागायचे. "ताई, ते प्रतिवादी आहेत."

"आत असतील. हितं वडील हायेत."

तारखा पडत गेल्या. ताईंचे केस पिकले, वडिलांना कमी ऐकू यायला लागलं. अखेर वडिलांची साक्ष निघाली.

"कर्ज कशाला काढलं?" आमच्या वकिलांनी मोठ्यानं विचारलं.

"घर बांधाया."

"कोणतं घर?"

म्हाताऱ्यानं कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. मागून ताई उठल्या. "सायब, त्यांला खुर्ची द्या. लय येळ उभं राहवत न्हाई."

न्यायाधीशांनी खुर्ची मागवली. वडील बसले. मुलाकडे बघितलं, मग खाली बघत म्हणाले, "एक पैसाबी घेतला न्हाई. पोरीला जमीन जाऊ ने म्हणून सगळ्यांनी ठरवलं. मीबी हो म्हणलो."

त्या दिवशी भाऊ त्यांना तिथेच सोडून निघून गेला. ताईंनी वडिलांना हाताला धरून स्टेशनवर नेलं, तिथून चुडाव्याला आपल्या घरी. पण लेकीच्या दारात म्हाताऱ्याचं मन रमेना. काही दिवसांनी तो पुन्हा गावी, मुलाकडे गेला.

निकाल ताईंच्या बाजूनं लागला. भावानं परभणीला अपील केलं. त्याची नोटीस घेऊन ताई आमच्याकडे आल्या.

मी सहज म्हणालो, "वडील वारले, तेव्हा आता त्यांचं नाव यातून निघेल."

"कुणाचे वडील?"

मला त्यांच्या माहेरगावच्या एका माणसाकडून कळलं होतं. ताईंना कुणी कळवलंच नव्हतं.

त्या उभ्याच राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "शेवटाला पाणी कुणी पाजलं?"

नोटीस पिशवीत घालून त्यांनी चपला घातल्या.

अपिलाचं काम आता परभणीचे वकील बघतात. ताई पुन्हा गंगाखेडला आल्या नाहीत.