हात गुंतवून बसणारा माणूस

भूकंपात आमचं घर पडलं तेव्हा मी तिसरीत होतो. निलंगा तालुक्यातल्या आमच्या गावात त्यानंतरची सहा वर्षं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढली. बाप पुनर्वसनाच्या कामावर गवंड्याच्या हाताखाली विटा वाहायचा, म्हणजे दुसऱ्यांची घरं बांधायचा, आणि घरी आल्यावर आमच्या शेडचे पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायचा. घरात छापील अक्षरं होती ती मदतीच्या पोत्यांवरची. अकरावीला लातूरला आलो तर गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागलेल्या. फी आम्हाला झेपणारी नव्हती. मग चाचणीच्या दिवशी मी क्लासच्या फाटकाबाहेर उभा राहायचो, पहिल्या बॅचची पोरं बाहेर आली की त्यांच्याकडून प्रश्न उतरवून घ्यायचो. तोच माझा क्लास. हे सांगायला मला लाज वाटत नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर असा झाला.

हे सगळं आठवलं ते गफूरचाचा गेल्याच्या फोनमुळं. फोन आला तेव्हा मी नोकरीच्या जागी, ग्रंथालयातच होतो. पाच आठवडे झाले, अजून एका जागी बसवत नाही. काही वाचायला घेतो, उठतो, चाचांच्या पुस्तकबांधणीच्या खोलीपर्यंत जातो, कुलूप बघून परत येतो...

चाचा नांदेडला विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं बांधायचे. पिढ्यान्‌पिढ्या जिल्दसाजीचं काम करणारं घर. विद्यार्थ्यांना ते नावानं नाही, तालुक्यानं हाक मारायचे. "ए देवणी, पान दुमडू नको." "काय लोहा, डबा खाल्ला का न्हाई?" मी अर्थातच निलंगा. विद्यापीठात आलो त्या पहिल्या वर्षी मी तीन दिवस पुस्तकांच्या यादीच्या कार्डांच्या कपाटासमोर उभा राहून तसाच परत गेलो होतो. कुठला खण ओढायचा ते कळेना, आणि विचारलं तर गावंढळ ठरू, ही भीती. चौथ्या दिवशी बघतो तर खणांवर जाड निळ्या अक्षरांत नव्या चिठ्ठ्या: ‘लेखकाचं नाव माहीत असेल तर इथं बघा.’ चाचांनी चिकटवलेल्या. मला एका शब्दानं बोलले नाहीत. ती त्यांची पद्धतच होती. नवं पोरगं आलं की हातातलं दाभण न थांबवता त्याचे पाय कुठं अडतात ते बघायचं आणि दुसऱ्या दिवशी तिथली पाटी बदलायची.

पुढं मी त्याच ग्रंथालयात नोकरीला लागलो आणि ग्रंथालयाची वेबसाइट बनवायचं काम माझ्याकडं आलं. लई मन लावून केली. ग्रंथालयाच्या समितीनं सांगितलं, विद्यार्थ्यांना ती वापरता येते का ते तपासा, अहवाल द्या, मग सुरू करू. रिकामं टेबल फक्त बांधणीच्या खोलीत होतं, तिथं संगणक मांडला. दहा विद्यार्थी निवडले, पाच आज, पाच उद्या, आत येणार एकेक जण. सगळ्यांना तीच तीन कामं: अमुक पुस्तक आहे का बघ, मागच्या वर्षाचे पेपर काढ, नेलेल्या पुस्तकाची तारीख वाढव. पहिली आली लोह्याची मुलगी. तिला वीस मिनिटं लागली, कपाळावर घाम. नंतरचे चौघे मात्र दोन-दोन मिनिटांत मोकळे! मी खूश. ‘एक विद्यार्थिनी वगळता सर्वांना सहज जमले,’ असं अहवालात लिहूनही टाकलं.

चाचा कोपऱ्यात पानं शिवत बसले होते. म्हणाले, "निलंगा, त्या चौघांनी पडदा वाचलाच न्हाई. नुसती बोटं पळाली. जरा बाहेर जाऊन ये."

बाहेर व्हरांड्यात ती लोह्याची मुलगी आता उद्याच्या पोरांनाही समजावत होती, "वरून तिसरं दाब, मग उजवीकडचं दुसरं..." मला बघून चपापली. "सर, ह्यांचे मार्क जाऊ नयेत म्हणून सांगून राहिले." तिला ती परीक्षाच वाटली होती. लातूरच्या क्लासमधून आलेली पोरगी. पहिल्या बॅचनं दुसऱ्या बॅचला सांगायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. फाटकाबाहेर उभं राहून बारावी काढलेल्या माणसानं हे आधी ओळखायला नको होतं का?

पण राग आला तो चाचांचा. "तुम्ही खळ लावा, चाचा. वेबसाइटमधलं तुम्हाला काय कळतंय?"

दाभण थांबलं. "न्हाई कळत, हाव. पण तू तीन दिवस उभा होता, ते कळलं होतं. ही पोरगी बी वीस मिनिटं उभीच होती की रे, खुर्चीत बसून. उद्या घरून उघडंल, अडंल, बंद करंल. तिचे पाय बी दिसायचे न्हाईत मला."

तो अहवाल मी फाडला.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला वेगळी कामं दिली. आत येणाऱ्याला चाचा सांगायचे, "बेटा, परीक्षा तुझी न्हाई, या डब्याची हाय. तू अडला तर हा नापास." पोरं हसून सैल व्हायची. अडचण होती माझी. कुणी घुटमळलं की माझं बोट आपोआप पडद्याकडं जायचं. दोनदा गेल्यावर चाचांनी दोरा ओवलेलं दाभण आणि एका मासिकाची सुटी पानं माझ्या मांडीवर ठेवली. "हात गुंतव. आन् तोंड बी मीट." मी टाके घालत बसलो. देवणीचा एक जण ‘ओपॅक’ या शब्दावरून पाच-सहा वेळा फिरला. पुस्तक शोधायची सोय त्याच शब्दामागं होती, आणि मला सांगता येत नव्हतं. दाभण बोटात घुसलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "सर, पुस्तक आहे का ते बघायचं कुठं?"

तोच प्रश्न मी पहिल्या पानावर सर्वांत वर घातला. ‘ई-संसाधने’, ‘नूतनीकरण’ असले माझे भारदस्त शब्द गेले, ‘जुने पेपर’, ‘तारीख वाढवा’ आले. मी शिकलो हे दाखवायला घातलेले शब्द होते ते, दुसरं काय!

नंतर समितीनं माझं भरभरून कौतुक केलं. चाचा दाराशी उभे होते. मी त्यांचं नाव घेतलं नाही. "चल निलंगा, चहा पाज," एवढंच म्हणाले ते. पाच आठवडे मला बसू देत नाही ती हीच गोष्ट.

निवृत्त होताना त्यांनी ते दाभण मला दिलं. माझ्या टेबलाच्या खणात असतं. दरवर्षी नवी पोरं आली की एकेकाला संगणकासमोर बसवतो, बाजूला बसून सुटी पानं शिवतो. टाके अजून वाकडेच येतात.

एक राहिलं. पान बदलल्यावर लोह्याच्या मुलीला आम्ही पुन्हा बोलावलं होतं, नवं काम देऊन. तिनं पडदा वाचला. पुस्तक शोधलं, कपाटाचा नंबर तळहातावर लिहिला आणि कुणालाही न विचारता उठून पुस्तक आणायला गेली. चाचांनी मान वर न करता दातानं दोरा तोडला. दुसऱ्या दिवशी वेबसाइट सुरू झाली. बनवली मी होती, तपासली गफूरचाचांनी.